रक्तगटाचा चौकोन

रविवार, ७ मार्च १९९९

शुक्रवारच्या नोंदीत एक चूक आहे. ती खोडत नाही, इथेच दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की साताऱ्याच्या रक्तपेढीतले लालासाहेब धसमुसळे आहेत, कीबोर्डवर वाटेल तशी बोटं आपटतात आणि त्यामुळे माझा प्रोग्रॅम अडकला. तसं झालं नाही.

लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता रक्तपेढीच्या काउंटरवर रक्तदात्यांची नोंद करतात. दोनच बोटांनी टाइप करतात, पण एकेक अक्षर बघून. शुक्रवारी त्यांना एका जुन्या दात्याचा फोन नंबर हवा होता. त्यांनी त्याचा फॉर्म उघडला, नंबर कागदावर उतरवला आणि फॉर्म बंद करायला गेले. जुनी कार्डं एकगठ्ठा यादीत उतरवली होती आणि त्या माणसाच्या कार्डावर रक्तगट लिहिलेला नव्हता, म्हणून तो चौकोन रिकामा होता. माझा प्रोग्रॅम म्हणाला, ‘रक्तगट भरा.’ त्यांनी ‘रद्द’ दाबलं. पुन्हा ‘रक्तगट भरा.’ कोपऱ्यातली फुली दाबली. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी भिंतीवरचं बटणच बंद केलं.

मी तिथेच उभी होते. म्हटलं, “काका, पूर्ण भरल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. मुद्दाम तसं केलंय.”

“आवं ताई, पर मी भराय आलोच न्हवतो. नुसतं बगाय आलतो.”

मी प्रोग्रॅम पुन्हा सुरू करून दिला. आणि घरी येऊन मी त्यांनाच धसमुसळे लिहिलं.

मंगळवार, ९ मार्च

ऑफिसात सुमंत सरांना सांगितलं. सांगलीत विश्रामबागच्या आमच्या दोन खोल्यांत ते मालक आणि मी प्रोग्रॅमर. अजून एक मुलगी टायपिंगची कामं करते. सर हसले. “अडू दे की! अडल्याशिवाय कोण भरतंय? बँकेत अर्धी स्लिप दिलीस तर घेतील का?”

बँकेत अर्धी स्लिप तिथेच टाकून घरी तरी जाता येतं, हे मला माधवनगरच्या स्टॉपवर उतरल्यावर सुचलं. मला सगळं उशिरा सुचतं.

पण सरांचंही खरं आहे. या यादीचा उपयोगच रक्तगटासाठी आहे. दुर्मीळ गटाचं रक्त लागलं की त्या गटाचे दाते पडद्यावर आणायचे आणि फोन करून बोलवायचं. गटच नसेल तर नुसती नावं काय कामाची?

शिवाय अर्धं सोडून उठायचं नाही हे माझ्या अंगातच आहे. सांधेतापामुळे मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. आई नोकरीला जायची, म्हणून विनूआत्यानं घरी शिकवलं. तिचा नियम एकच: उत्तर बरोबर आल्याशिवाय पाटी सोडून उठायचं नाही. पुढे शाळेत सगळ्या बाई म्हणायच्या, या मुलीचं काम कधी अपुरं नसतं. माझ्यात जे काही बरं आहे ते तिथलं आहे. त्याची मला लाज वाटत नाही.

सोमवार, १५ मार्च

आज बरा दिवस. सांगलीतल्या एका ट्रस्टची नवी रक्तपेढी निघते आहे, त्यांना प्रोग्रॅम दाखवला. सरांनी मधूनच साताऱ्याला फोन लावला आणि रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर राजेश्वरी मॅडमना स्पीकरवर घेतलं. त्या म्हणाल्या, “आमच्या यादीत ए निगेटिव्ह एवढे असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. चाळीसच्या वर निघाले. कार्डांच्या खोक्यात ही माणसं पडून होती म्हणायची.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. पण बरं वाटलं.

नंतर फोनवर लालासाहेब आले. “आता अडत न्हाई बरं का ताई. जमलं मला.”

बघा, सवय झाली की जमतं. मी उगाच काळजी करत होते.

शनिवार, २० मार्च

अंग मोडून आलंय. परवा पाडव्याला गुढी उभारली तीही आत्यानंच, मी पडून होते. डॉक्टर म्हणतात, थकवा आहे. काही लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, २४ मार्च

साताऱ्याहून आत्ता आले. सावकाश लिहिते, नाहीतर पुन्हा चूक होईल.

सर म्हणाले होते, एक दिवस जाऊन नवे रिपोर्ट बसवून ये. मी पोचले तर काउंटरपुढे भांडण चाललं होतं. सोमवारी एका बाईचं बाळंतपणात फार रक्त गेलं. तिला ए निगेटिव्ह हवं होतं. यादी काढली, फोन केले, सहाजण आले. प्रत्येकाचा गट प्रयोगशाळेत पुन्हा तपासतातच, त्यामुळे चुकीचं रक्त कुणाला चढत नाही. तपासलं, तर सहातले पाच ए निगेटिव्ह नव्हतेच. रात्री पुण्याहून ओ निगेटिव्हच्या पिशव्या आणल्या तेव्हा बाई वाचली. पण त्या माणसांना बोलवण्यात, त्यांची वाट बघण्यात सगळी दुपार गेली.

भांडत होता तो त्या पाचांतला एक, कोरेगावचा सयाजी, आज जाब विचारायला आलेला. “ऊसतोड टाकून आलतो मी! गाडीवर मागं पुतण्या बसवून, त्येचं बी रक्त देतो म्हणून. आन् हितं म्हणत्यात, तुमचा त्यो गटच न्हवं. मी कवा सांगितलं माजा गट निगेटिव्ह हाय म्हणून?”

मॅडम त्याला समजावत होत्या, “अहो दादा, शिबिरात सांगताना चुकलं असेल. लोकांना आठवत नाही.”

“मला माजा गटच म्हाईत न्हाई, तर मी सांगीन कसा?”

मलाही मॅडमचंच पटलं. लोकांना आठवत नाही. असं मी मनात म्हणाले, हे लिहून ठेवते.

मग लालासाहेबांच्या शेजारी बसले, रिपोर्ट बसवायला. तेवढ्यात कुणाचा तरी पत्ता विचारायला फोन आला. त्यांनी फॉर्म उघडला, पत्ता सांगितला, आणि बंद करताना खालचा बाण असलेलं बटण एका बोटानं दाबलं आणि फुली मारली. फॉर्म मिटला.

“काका, हे काय केलंत?”

“कुलूप उघडलं.” ते खूश होते. “एक खालचा बाण, आन् फुली. लगीच सुटका. पोरीलाबी शिकवलंय, दुपारपाळीच्या.”

रक्तगटांची यादी मी इंग्रजी अक्षरक्रमानं लावली आहे. एकदा खाली दाबलं की पहिला गट येतो. पहिला ए निगेटिव्ह. आणि फुली मारली की जे भरलंय ते आपोआप साठवलं जातं, कारण कुणाची मेहनत वाया जाऊ नये म्हणून मीच तसं केलंय.

चाळीसच्या वर निघाले, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

मी फक्त म्हटलं, “काका, ते बटण दाबू नका.” ते म्हणाले, “मंग भायेर कसं पडू?”

शुक्रवार, २६ मार्च

कालचा दिवस पडून काढला. आज सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिले. वाईट माणूस नाहीत ते. मला तापात घरी सोडायला स्वतः स्कूटर घेऊन आले होते.

“किती नोंदी खोट्या असतील?”

“सांगता येत नाही सर. खरा ए निगेटिव्ह आणि हा, दोन्ही सारखेच दिसतात.”

“मग नक्की काय झालं हे तुलाही माहीत नाही. हो की नाही? फॉर्म दुरुस्त कर. नवी आवृत्ती बसव. पण जुन्यावर आत्ता काही बोलू नकोस. सांगलीची मंडळी साताऱ्याला विचारूनच सही करणार आहेत. एकदा सही होऊ दे, मग मी स्वतः मॅडमशी बोलतो.”

“पण सर, मधे कुणाला रक्त लागलं तर?”

“अगं, प्रयोगशाळेत तपासतात ना? चुकीचं रक्त चढत नाही ना? मग तू कशाला घाबरतेस बुवा इतकी!”

प्रश्न तपासण्याचा नाही, वेळेचा आहे. हेही मला स्टॉपवरच सुचलं.

मंगळवार, ३० मार्च

दुरुस्ती झाली. मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते तिची नवी आवृत्ती सरांकडे सीडीवर आली आहे, त्यात याचा उपाय आयता आहे. आधी अडचण अशी होती: ‘रद्द’ दाबायचं म्हणजे आधी चौकोन सोडायचा, चौकोन सोडला की तपासणी, तपासणीत नापास झालं की परत त्याच चौकोनात. ‘रद्द’पर्यंत माणूस पोचतच नव्हता. नव्या आवृत्तीत प्रत्येक बटणाला विचारता येतं की तुझ्याकडे येताना तपासणी करायची का. ‘रद्द’ला मी ‘नको’ सांगितलं. फुलीवर आता ‘बदल साठवायचे का?’ असं विचारलं जातं, आणि ‘नाही’ म्हटलं की काही न साठवता फॉर्म मिटतो. तपासणी फक्त ‘साठवा’ दाबल्यावर.

इतकं साधं होतं. निघून जाणाऱ्याला अडवायचं नाही, ठेवून जाणाऱ्याला तपासायचं. सकाळी सुरू केलं आणि जेवायच्या आत संपलं. एरवी असं काही जमलं की मी उठून खिडकीपर्यंत जाऊन येते. आज बसूनच राहिले.

शनिवार, ३ एप्रिल

साताऱ्याला नवी आवृत्ती बसवून आले. लालासाहेबांनी दहा वेळा फॉर्म उघडून दहा वेळा रद्द केला. “हे झ्याक झालं. आदी करायचं हुतं की ताई.”

मॅडम बाहेर आल्या, पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, थांब, चहा घे. चहा घेताना त्यांनी सांगितलं की रहिमतपूरकडची एक मुलगी आहे, मयूरी, पहिलटकरीण. वार खाली आहे, म्हणजे रक्त फार जाण्याची भीती, आणि गट ए निगेटिव्ह. तेरा तारखेला मंगळवारी सिझेरियन ठरवलंय. “एरवी मी तिला पुण्यालाच जा म्हटलं असतं. पण आता आपल्याकडे यादी आहे. आदल्या दिवशी पाच-सहा जणांना बोलवून घेऊ. मागच्या वेळी पाचजण चुकीचे निघाले, पण चाळीसांतले पाच. बाकीचे आहेत की.”

मी बशीत चहा ओतला. मी कधी बशीतून पीत नाही.

बाहेर बाकावर ती मुलगी बसली होती, पाय सुजलेले, चपला शेजारी काढून ठेवलेल्या. सोबत सासू, सुलाबाई. माझ्या गळ्यातली पिशवी बघून त्या म्हणाल्या, “तुमीच का मशीनवाल्या बाई? डाक्टरीणबाई म्हणत्यात, आमच्या मयूरीच्या रक्ताची लय माणसं हायत तुमच्या यादीत. आमी तर रडत हुतो. घरात कुणाचंच जुळंना.”

मयूरी म्हणाली, “आत्याबाई, त्यांना जाऊ द्या, गाडी चुकंल.”

मी गाडीला गेले. मी काहीच बोलले नाही. कारण लिहायला हवं म्हणून लिहिते: मॅडमनी विचारलं असतं ‘नक्की किती?’ आणि मला आकडा सांगता आला नसता. आधी आकडा काढायचा, मग सांगायचं.

रविवार, ४ एप्रिल

आत्या भाजी निवडत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, “आत्या, तू मला उत्तर आल्याशिवाय उठू द्यायची नाहीस, ते बरंच केलंस ना?”

ती हसली. “बरं कसलं! तू काय कमी होतीस? कंटाळलीस की सात लिहायचीस.”

“काय?”

“सात. काहीही गणित असलं तरी सात. वजाबाकी असू दे, भागाकार असू दे. आणि पाटी पुढे करायचीस, डोळे असे मोठ्ठे करून.”

“आणि तू उठू द्यायचीस?”

“मलाही कुकर लावायचा असायचा गं. कधीकधी सात बरोबरही असायचं.”

मला हे अजिबात आठवत नाही. मी तिला म्हटलं, तुझा काहीतरी घोटाळा होतोय, ती सुमनमावशीची मुलगी असेल. आत्या म्हणाली, “असेल बाई,” आणि मेथीच्या काड्या गोळा केल्या. पण मनातून तिनं मानलं नाही, हे मला दिसलं. वय झालं की माणसांचं असं होतं.

मंगळवार, ६ एप्रिल

दोन दिवस साताऱ्याच्या माहितीची प्रत घेऊन बसले आहे. कुठली नोंद कधी बदलली याची तारीख मी साठवतच नव्हते. मग वाटलं, ज्यांच्या नोंदीत शिबिराचं नाव आहे ते खरे धरावे. पण सयाजीच्या नोंदीतही शिबिराचं नाव आहे. मग वाटलं, इतर गटांशी प्रमाण लावून बघावं. त्यानं एवढंच कळतं की ए निगेटिव्ह फार जास्त आहेत. कोण खोटा ते कळत नाही. उद्या अजून एक प्रकार करून बघणार आहे.

सर येऊन मागे उभे राहिले. “काय चाललंय?”

“खरे किती ते काढतेय.”

“काढ, काढ. सावकाश काढ. सतराला सांगलीची सही आहे. तोवर तुझं होईल.”

ते खांद्यावरून बघून गेले. मला बरं वाटलं, कारण त्यांनी नको म्हटलं नाही. मग आठवलं, तेरा सतराच्या आधी येते.

बुधवार, ७ एप्रिल

दुपारी एसटीडी बूथवरून रक्तपेढीला फोन केला. ऑफिसातून करवला नाही. लालासाहेबांनी उचलला.

“काका, ते खालच्या बाणाचं... साधारण किती वेळा केलं असेल?”

फौजेतला माणूस, बाण कुठे लागला ते पटकन कळलं. “म्हंजी ते निगेटिव्ह जे निघालं... ते माज्या बोटानं व्हय?”

“तुमच्या नाही. मी बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती.”

“माज्यावर येनार का ताई ह्ये? खरं सांगा. पोरगी लग्नाची हाय.”

“नाही येणार. मी सांगीन.”

“कवा?”

मी म्हटलं, खरे किती ते कळलं की.

“आवं, त्या पोरीला सोमवारी दाखल करणार हायत. मॅडमनी फोनची चिठ्ठी काडून ठिवलीया माज्याकडं, सा नावं. आज सांगितलं तर दुसरीकडनं सोय हुईल. तुमी मोजत बसा म्हंजी झालं! मोजून काय करायचं? सगळीच खोटी धरा आन् पुन्यास्नं मागवा.”

नंतर आवाज खाली आणून म्हणाले, “मीच सांगू का?”

“नाही काका. माझंच आहे ते.”

“मंग या. फोनवर नगं. मॅडमला तोंडावर सांगा, त्यास्नी परत काय बी इचारायचं असंल.”

बूथवाल्यानं पावती दिली, ती मी तिथेच विसरले. रस्त्यावर ऊन फार होतं. सावलीत इतका वेळ उभी राहिले की रिक्षावाल्यानं विचारलं, बसायचं का. बसले नाही. उभीच राहिले.

गुरुवार, ८ एप्रिल

सकाळी माहितीची प्रत बंद केली. तिसरा प्रकारही फसला होता.

सरांना म्हटलं, “उद्या रजा हवी.”

“तब्येत?”

“साताऱ्याला जातेय. मॅडमना यादीचं सांगायला.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “आठ दिवस थांबवत नाही तुला? आठ दिवस, भार्गवी.”

“ती मुलगी सोमवारी दाखल होतेय सर.”

“आणि सही गेली तर? तुझी नोकरी याच सहीवर आहे, कळतंय ना? मी धमकी देत नाहीये. हिशोब सांगतोय.”

“कळतंय.”

“मग किती खोट्या ते तरी कळलं का? रिकाम्या हातानं जाऊन काय सांगणार?”

मी म्हटलं, नाही कळलं. त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. मग रजेच्या अर्जावर सही केली आणि अर्ज माझ्याकडे न देता टेबलावर सरकवला. मी तो घेतला.

आत्याला सांगितलं, पहाटे उठव. तिनं विचारलं, कशाला, आणि मी सगळं सांगितलं. तिनं डब्याला काय करू एवढंच विचारलं. मी म्हटलं, काहीही.

मॅडमनी परवा पाठीवर ठेवलेला हात आठवतोय, उद्या तो ठेवणार नाहीत. सांगायचा क्रम ठरवला आहे: आधी मयूरीला पुण्याहून रक्त मागवा. मग यादीतल्या एकाही ए निगेटिव्हवर विसंबू नका. मग हे कसं झालं, आणि ते माझ्या हातून झालं, लालासाहेबांच्या नाही. नक्की किती नोंदी खोट्या असं त्यांनी विचारलं, तर माहीत नाही म्हणायचं आणि गप्प राहायचं, दुसरं काही जोडायचं नाही.

सहाची गाडी. उद्या, शुक्रवार, ९ एप्रिल १९९९.